सात नंबरच्या खाटेवरचा रुमाल

बहिणीची फाइल घेऊन मी बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर बसलो होतो. आतून सिस्टरचा आणि एका आजींचा आवाज येत होता.

“आजी, सात नंबरच्या खाटेवर रुमाल कुणी टाकला?”

“मी. जागा धरलीय सुनेसाठी.”

“ही काय बस आहे?”

“बसमध्ये निदान उभ्याने जाता येतं!”

“सून कुठाय?”

“घरी. आठवा महिना लागलाय.”

“आणि तुम्ही आजपासून बसणार?”

“मागच्या खेपेला तिला जमिनीवर गादी टाकून दिलीत. म्हणून यंदा डबा घेऊनच आलेय.”

“उठा बरं. बाहेर एकीला कळा येताहेत.”

“नंबराने या म्हणावं.”

“बाळाला नंबर कळतो का, आजी?”

“कितवी खेप तिची?”

“पहिलीच. सोबतही कुणी नाही.”

“अगं, मग माझ्याशी भांडत काय बसलीस? आण तिला! हात मी धरते.”

तासाभराने टॅहां ऐकू आलं.

“मुलगी झाली, आजी! आता तरी घरी जा.”

“निघालेच. हिला सांगून ठेवलंय, माझी सून येईपर्यंत खाटेवरून हलायचं नाही.”