पाळण्यावरची नजर

हॅलो?… हॅलो? हो, मार्तंड मास्तरच बोलतोय, नगरहून, पोस्टातून… दया ना? आमच्या शाळेतल्या शमुवेलची बायको? अगं, पुण्याहून ट्रंक कॉल आहे म्हणून शिपाई घरी आला, तसा अनवाणीच धावत आलो.

हो… हो, शमुवेलचं पत्र मिळालं होतं. लढाई संपली त्या वर्षी. उत्तर नाही दिलं मी… हरवलं नाही गं. अजून काढून वाचतो.

काय?… शमुवेल झोपतच नाही? पाळण्याशी बसून… नजर काढत नाही? आणि तू बाळाला उचललंस तर?… ओरडतो. अरे देवा.

म्हणजे ते विमान अजून त्याच्या डोळ्यांपुढे… हो, लिहिलं होतं ना. लढाईत रडारवर होता तो, विमानं शोधायच्या यंत्रावर. तारांचा भला मोठा सांगाडा, जागचा न हलणारा. खुंटी फिरवली की लहरी वळायच्या. आपलं विमान दिसत होतं, यानं जरा दुसरीकडे शोधलं, परत आला तर पडद्यावर ठिपका नाही, विमान पडलेलं… ‘सर, सांगाडा तर हलला नाही. मग नजर मी वळवली का?’ एवढंच विचारलं होतं.

नको, त्याला फोनवर नको बोलावूस. मला बोलता येत नाही… अगं ऐक ना. लहर कशी वळते ते मी हौदावर करून पाहिलं… हो, या वयात! पाणी भरायला आलेली रतनबाई म्हणाली, “मास्तर, लई खेळलात, आता पानी भरू द्या की.” बोटाबोटांत खडे धरून एकदम सोडले तर लाट सरळ जाते. एकामागून एक सोडले की तिरकी. हात जागचा हलत नाही. त्या तारांचंही तसंच, सांगाडा न हलता लहर वळते…

हो. नजर त्यानंच वळवली.

रडू नकोस… हेच लिहायला धजलो नाही. आपलंच चुकत असेल, म्हणत बसलो. पण पुढचं… काय रंगनाथराव? कॉलची वेळ संपली? पोस्ट तुमच्याच हातात, थोडी द्या हो अजून… हॅलो, दया? विमान त्या लहरींवर तरंगत नव्हतं गं. लहरी नुसत्या बघतात. कुणी बघायचं थांबलं म्हणून कुणी पडत नाही… नाही, पाळण्यातलंही नाही.

लिहिलंय, त्याला पत्रात सगळं लिहिलंय. लाईन लागेपर्यंत इथल्याच बाकावर… वाचून दाखवू? नको, पुन्हा वाचलं तर फाडून टाकीन. तोवर तू त्याच्याशेजारी बस. पाळण्याकडे तू बघ. म्हणावं, आता माझी पाळी, तू मीट डोळे.

रंगनाथराव, हे पत्र पेटीत… नाही, थांबा, मीच टाकतो. दया, फोन ठेवू नकोस हं, पेटी दारापाशीच आहे…

…हॅलो? टाकलं बरं का… हॅलो? दया?…

लाईन गेली वाटतं, रंगनाथराव… नको, परत नका जोडू. टपाल किती वाजता निघतं?