नाटकात नसलेले लग्न

पोलीस ठाणे, बदलापूर. दि. १३ फेब्रुवारी १९८९.

नाव वृंदा विष्णुपंत आठल्ये, वय २७ वर्षे, धंदा नोकरी, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व.

समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहते व अंबरनाथ येथे पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. श्यामकांत दळवी हे तेथेच उत्पादन विभागात सुपरवायझर आहेत. त्यांच्या विभागाचा माल मी तपासते. सदोष माल नाकारून त्यावर लाल रंग मारते. त्यामुळे आमचे पटत नाही. ते मला कॅन्टीनमध्ये सर्वांसमोर "रंगारीणबाई" म्हणतात. मी त्यांना काही म्हणत नाही. माल परत पाठवते.

आमच्या भांडणांवर सहकारी शंकर मोकाशी यांनी विनोदी नाटक लिहिले व त्यात आम्हा दोघांनाच आमच्या भूमिकांत उभे केले. नाटकात दोघे शेवटपर्यंत भांडतात आणि पडदा पडतो. वडिलांनी प्रत्येक प्रयोग पहिल्या रांगेत बसून पाहिला आहे.

उल्हासनगरचे कापड व्यापारी परसराम शेठ यांनी आम्हा दोघांनाच घेऊन त्यावर सिनेमा काढायला घेतला. ते म्हणाले, "शादी नहीं, तो लेडीज पब्लिक नहीं." मोकाशी यांनी विरोध केला. नंतर लग्न लिहून दिले. हा बदल मी घरी सांगितला नाही. सांगण्यासारखे काही आहे, असे तेव्हा वाटले नव्हते.

काल रविवारी वांगणी येथे एका शेतघरावर लग्नाचे शूटिंग झाले. भटजी म्हणून तेथील राखणदार धोंडी यास बसवले. त्यास मंत्र येत नाहीत. कॅमेऱ्याकडे पाठ करून तो बैलांची नावे घेत होता. सबब सदर लग्न लागलेले नाही.

शूटिंग लांबून सर्वांचीच शेवटची गाडी चुकली. मी मोकाशी यांच्या पत्नी अंजनी यांच्यासोबत तेथेच राहिले व आज परस्पर कामावर गेले. आमच्या घरी फोन नाही. दरम्यान शेजारच्या कुंदावहिनींनी मला वांगणीत मुंडावळ्या बांधलेली पाहून घरी कळवले. वडील म्हणाले, "नाटक मला पाठ आहे. त्यात लग्न नाही. म्हणजे हे खरंच लावलं!" त्यांनी दळवी यांनी मला फूस लावून पळवल्याची तक्रार दिली. त्यावरून दळवी यांना कारखान्याच्या फाटकातून येथे आणले आहे. गुन्हा नोंदला गेल्यास त्यांची नोकरी जाईल.

शूटिंग का लांबले, असे विचारल्यावरून सांगते की, हार घालण्याचा शॉट पहिल्याच वेळी ठीक झाला होता. मी तो पुन्हा घ्यायला लावला. दुसराही ठीक झाला. मी पुन्हा नाही म्हटले. शेठ म्हणाले, "बहनजी, इसमें खराबी क्या है? रील फुकट में आती है क्या?" मी खराबी सांगितली नाही. कारण दिल्याशिवाय मी आजवर एकही नग नाकारलेला नाही. हे दळवी यांना माहीत आहे. त्यांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला. मग शेठना म्हणाले, "बाई म्हणतात तर असेल दोष. पुन्हा घ्या." त्यांनी माझा निर्णय वाद न घालता मानल्याची ही पहिली वेळ. नंतर ऊन गेले व दिवे मागवावे लागले.

आज सकाळी वांगणी स्टेशनवर दळवी यांनी विचारले, "दोष काय होता?"

मी म्हटले, "तुम्हाला दिसला नाही?"

ते म्हणाले, "दिसला. म्हणून तर परत उभा राहिलो."

दळवी यांनी बळजबरी केली नाही. धमकी अगर आमिष दिले नाही. आमच्यात प्रेमसंबंध आहेत काय, असे विचारल्यावरून सांगते की, शूटिंगला जाईपर्यंत नव्हते.

मी सज्ञान आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. येथून कोणाबरोबर जायचे, असे विचारल्यावरून सांगते की, वडिलांबरोबर घरी जाईन. दळवी यांना सोडल्यावर त्यांनीही सोबत यावे. वडिलांना हे अद्याप सांगितलेले नाही. ते बाहेर बाकावर आहेत. सांगतेवेळी हवालदारसाहेबांनी जवळ उभे राहावे, ही विनंती.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचून होईपर्यंत वडील दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "चल. त्यालाही घे. आईला काय ते तोच सांगेल." हेही लिहून घेण्यास मी सांगितले. मजकूर बरोबर आहे.