अवलंबून असलेल्या व्यक्ती : शून्य

...आणि वर मला 'फारच छान!' म्हणतात हो त्या! तुम्हाला सांगतो, मी एकटा आहे हे ऐकून आजवर कोणी 'अरेरे' म्हणालं, कोणी 'मजा आहे बुवा तुझी' म्हणालं, पण हिशेब मांडून अभिनंदन? हे पहिल्यांदाच!

झालं काय, चार वर्षं शिकवण्या करून पैसे साठवले. दोन वर्षांनी फुकट अभ्यासिका काढायची आहे, घरात धड पाय पसरायला जागा नाही अशा मुलांसाठी. तोवर पैसे नुसते पडून का राहावेत? म्हणून गेलो गुंतवणूक सल्लागार बाईंकडे. हिशेब मी घरूनच करून नेलेला, संख्याशास्त्र काय उगाच शिकलो? सोपा आहे, ऐका. शेअरचा फंड : वर्षाला सरासरी बारा टक्के मिळतील ही अपेक्षा, पण चढउतार वीसचा. रोख्यांचा फंड : मिळणार सहा, चढउतार फक्त चारचा. अर्धे-अर्धे घातले तर अपेक्षा नऊ, सरळ सरासरी. आणि जोखीम, म्हणजे तो चढउतार? वीस आणि चार, म्हणजे सरासरी बारा, असंच म्हणाल ना? चूक! दहाच्या जराशी वर! का? तर एक आपटला की दुसराही त्याच दिवशी आपटतो असं नाही. दोघं असले की धक्का कमी बसतो... फंडांनासुद्धा हो!

पण बाईंनी आधी फॉर्म काढला. "तुमच्यावर अवलंबून किती जण?"

"कोणी नाही."

"फारच छान! मग ऐंशी टक्के शेअर, वीस टक्के रोखे!"

म्हणजे अपेक्षा दहा पूर्णांक आठ, जोखीम थेट सोळा! म्हटलं, "अहो, दोन वर्षांत अभ्यासिका काढायचीय!"

"तिची कोणी वाट बघतंय का?"

"...अजून कोणाला सांगितलं नाही."

"फारच छान! म्हणजे उशीर झाला तरी चालेल!"

आता बोला! मी हट्टाला पेटलो. अर्धे-अर्धेच हवेत! तर म्हणतात, "मग एक तरी माणूस दाखवा ना अवलंबून. मी काय करू? संगणक ऐकत नाही."

एक माणूस! तिथेच बसून बाबांना फोन लावला. "बाबा, तुम्ही माझ्यावर अवलंबून आहात का?"

"मी? तुझ्यावर?" इतके हसले, इतके हसले, की खोकला लागला. "अरे, पेन्शन येते मला! तू जेवतोस ना वेळेवर? किती हवेत, बोल!"

"पैसे नकोत हो बाबा, नुसतं 'हो' म्हणा!"

"लाजतोस काय बापाला?" फोन बंद.

मग धाकट्या बहिणीला लावला. "दादा, पुन्हा कुणाला फुकट शिकवायला लागलास? मला वाटलंच! थांब, पाठवते."

"अगं, तुला माझी काही गरज..."

"मला कशाला? मी मजेत आहे. तू स्वतःला सांभाळ."

आणि तुम्हाला सांगतो, दोन मिनिटांत मोबाईल टिंग टिंग! बाबांचे पाच हजार, बहिणीचे तीन हजार! बाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "अय्या, उलट तुम्हालाच आधार आहे! फारच छान! मग नव्वद-दहा करू या!"

जोखीम अठरा! माणूस शोधायला गेलो आणि दोननं वाढली! आणि गंमत बघा, हिशेबात चूक काढता येईना. माझं सगळं बुडालं, तर कुणाच्या ताटातला एक घाससुद्धा कमी होणार नाही. केली सही.

निघताना बाई दारापर्यंत आल्या, कधी कुणासाठी येत नसाव्यात. म्हणाल्या, "असा ग्राहक मिळत नाही हो! तुमच्यासारखी एकटी राहणारी मंडळी आणखी असतील ना ओळखीत? त्यांनाही घेऊन या की!"

आता अशी मंडळी ओळखीत असती, तर... जाऊ दे. "आणतो" म्हणालो.