नव्या मोटरची शिकवणी

दुरुस्तीच्या दुकानातली रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढत होती. पुढच्या सासरे-सुनेचं बोलणं ऐकता ऐकता शिंपीणबाई आपलं बिघडलेलं मशीन विसरल्या.

“मामंजी, चारला शर्यत आणि ड्रोन उडताच कोलांटी खातोय!”

“त्या नव्या मोटरच्या अंगात आलंय. बाकी तिघींच्या पुढे पळते.”

“तिला वेग शिकवताना रिमोटवरची थ्रॉटलची, म्हणजे वेगाची दांडी पार वर नेली होती ना?”

“अर्ध्यावरच ठेवली. नवीन आहे बिचारी, झेपायला हवं!”

“म्हणून ती अर्ध्यालाच पूर्ण समजते! पंखे काढा. दांडी पार वर... बॅटरी लावा... बीप वाजलं? आता दांडी खाली.”

पंखे परत चढले. ड्रोन उठला तो थेट छताखाली जाऊन खिळल्यासारखा उभा राहिला.

“पुढचं कोण?” दुकानदार ओरडला.

“आमचा नंबर या बाईंना द्या,” सासरे म्हणाले, “आम्हाला शर्यत जिंकायला जायचंय!”