राजासमोरचं प्यादं

बाळाच्या डोससाठी दवाखान्यात बसले होते. शेजारी डोक्याला पट्टी बांधलेले एक आजोबा आणि मांडीवर बुद्धिबळाचा छोटा पट घेतलेली त्यांची मुलगी.

"बाबा, पांढऱ्याची खेळी. दोन चालींत मात करायची. ऑपरेशनआधी असलं कोडं तुम्ही चहा निवायच्या आत सोडवायचात."

"बघतोय."

"वजिराकडे बघा ना."

"मधे मधे बोलू नकोस."

"राहू दे, बाबा. डॉक्टर म्हणालेत, आठवेल हळूहळू."

"मी वजीर दिला. त्यांच्या हत्तीनं तो मारला. मग माझ्या हत्तीनं त्याला मारून शह दिला."

"झाली की मात."

"कुठली मात? राजा पुढच्या घरात सटकतो. त्याच्यासमोर प्यादं हवं, ते तू लावलंच नाहीस."

"अगं बाई. हे काय, माझ्या मुठीतच राहिलं."

"चुकीचं कोडं घालून बापाला नापास करायला निघाली होतीस."

"बाबा..."

"आता रडतेस कशाला? आणि हे सोपं होतं. पुढचं तीन चालींचं लाव."

बाळाचा नंबर पुकारला. मागच्या बाईंना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.