आमचा तांडा तुलनेले ठेवला

काय सांगू तुमाले, माया जन्म कुठचा म्हणसान तर उसाच्या फडातला. माई याडी, म्हंजे आमच्या गोरबोलीत आई, बापासंगं तिकडं घाटावर ऊस तोडाले गेलती, तिथंच पाचटावर मी झाली. आमच्या वाडवडलाइनं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं म्हणतात, गावोगावी. बैल गेले, मीठ गेलं, पायाची भिंगरी काही गेली नाई. दसरा झाला का मुकादमाचा ट्रक तांड्यात येते, आन् चुलीपासून कोंबडीपर्यंत सारं त्यात टाकून आमी निंगतो. लग्न झालं तरी तेच, लेकरू झालं तरी तेच.

आमचा तांडा आर्णीपासून आत, टेकडीवर. खाली नाला, आन् नाल्यापल्याड दुसरा तांडा, तिथं माई लहानी बहीण धुरपी देल्ली हाय. दोन्ही तांडे एका मायच्या पोरीवानी सारखे. तिचा नवरा ऊसतोड्या, माया बी. तिच्या घराले कुडाच्या भिंती, माया बी. एकाच ट्रकात बसून जात होतो आमी दोघी, एकीच्या पदराखाली दुसरीचं लेकरू.

तर एका साली उसावरून आलो आन् एक सर्वेवाली पोरगी आली. उमरखेडकडची, वाळकी, हातात ते पाटीवानी मोबाईल. ओसरीत बसली आन् इचाराले लागली. मावशी, मागच्या हप्त्यात घरात कोनी उपाशी झोपलं का? घरात खुर्ची हाय का? मटण कवा खाल्लं? मनाले उदास वाटते का? मी सारं सांगतलं. नवऱ्याले नाई सांगतलं तेबी सांगतलं, का आखाडात दाणे सरत येतात तवा मी पाणी पिते आन् म्हणते, माह्यं जेवण झालं. पोरीनं ते बटन दाबून भरलं. मले वाटलं इतकं खोदून इचारून राह्यली म्हंजे काही देतीन. आमच्यात कोनाची भूक इचारली तर त्याले भाकर द्या लागते, रिकामं नाई इचारत कोनी.

आलं बापा, देणं आलं. पण नाल्यापल्याड. धुरपीच्या तांड्यात बाया-बायाले शेळ्या देल्ल्या, दर महिन्याले खात्यात पैसे, शेळी कशी पोसाची ते शिकवाले एक ताई येत होती. आमी म्हणलं, तिकडून वाटत येतीन, इकडं बी येतीन. वाट पाहता पाहता दसरा आला. ट्रक आला. मी वर बसली आन् धुरपी खाली रस्त्यावर उभी, कडेवर बकरीचं पिल्लू. जन्मात पह्यल्यांदा आमच्या घरचं कोनी ट्रक जाताना खालून पाहून राह्यलं होतं.

आन् माह्या कडेले कविता बसली होती, माई पोरगी. दहावीत होती. सासू मेली, तांडा सारा रिकामा, पोरीले ठेवू कोनापाशी? धुरपीले म्हणाले जीभ उचलली नाई, तिले भेटलं आन् मले नाई. वर्गातल्या बाकीच्या पोट्ट्या परीक्षेले बसल्या तवा कविता फडात मोळ्या बांधत होती. रडली असती तर मले बरं वाटलं असतं. रडली बी नाई.

परतून आलो आन् तीच सर्वेवाली पुन्हा दारात. तेच सारं. उपाशी झोपलं का, खुर्ची हाय का. मंग म्हणते, या साली घरातल्या कोन्या लेकराची शाळा सुटली का? कविता तिथंच भांडे घासत होती. मी म्हणलं, पाह्य तुह्या डोयानं. आन् आता मले सांग, आमाले कवा भेटन? पोरीनं मान खाली घातली. म्हणे, मावशी, सांगाचं नसते, पण तुमच्यापासून लपवून माह्यं मन खाऊन राह्यलं. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पल्याडच्या तांड्याची चिठ्ठी मदतीची निंगाली, तुमची तुलनेची. ज्याले देल्लं त्याचं काय झालं आन् नाई देल्लं त्याचं काय झालं, दोन्ही पाहावं लागते. तवा कळते मदतीनं फरक पडला का नाई.

मले पह्यले समजलंच नाई. मंग समजलं आन् डोकं भणाणलं. तुमी पाह्यलं असन, औषधवाला कापसाच्या पऱ्हाटीत येते, एक तास, म्हंजे झाडाइची एक ओळ, फवारते, बाजूचा तसाच सोडते. मंग शेतकऱ्याइले बोलावून दाखवते, पाहा, याच्यावर अळी नाई, त्याच्यावर हाय. तो सोडलेला तास म्हंजे आमी! अरे, पण पऱ्हाटीच्या झाडाले दहावीतली पोरगी नसते ना!

घरोघरी जाऊन मी बायाइले सांगतलं. पुढच्या खेपेले त्यायचा मोठा सायेब गाडीनं आला, तवा आमी साऱ्याजणी सेवाभायाच्या देवळापुढं बसलो आन् म्हणलं, आज आमी इचारू, तुमी सांगा. सायेब हासला. मी म्हणलं, मागच्या हप्त्यात तुमची बायको उपाशी झोपली का? त्याचं हासू गेलं. तुमच्या घरात खुर्ची हाय का? मनाले उदास वाटते का? म्हणे, बाई, असं काहून इचारता? म्हणलं, तुमी कायले इचारता मंग? आमाले तुलनेलेच ठेवलं ना? तुमाले आमचं तुलनेचं कोनं सांगतलं, असं गरम होऊन बोलला. सर्वेवाली मांगं उभी, तोंड पांढरं पडलं तिचं. मी म्हणलं, नाल्यानं सांगतलं.

मंग नरमला. म्हणे, साऱ्याइले द्याले पैसा नव्हता, म्हणून चिठ्ठी टाकली, त्याच्यात कोनाची तरफदारी नाई. आता काम पुरं झालं, फरक पडला हे सिद्ध झालं. म्हणलं, सिद्ध कोनामुयं झालं? आमी भुकेले राह्यलो म्हणून ना? शेळ्या त्यायले, नाव तुमाले, आन् भुकेले राह्याची आमची मजुरी कुठं हाय? म्हणे, तुमचं म्हणणं वर कळवतो. गाडी गेली. वर म्हंजे कुठं, आजवर कोनी खाली सांगाले आलं नाई.

बोंबाबोंब नाल्यापल्याड गेलीच. संध्याकाळी धुरपी आली. मी तिच्याशी बी धड बोलत नव्हती, तिचा काय दोष म्हणा, पण राग काय दोष पाहून येते? ती खाली बसली आन् म्हणे, बाई, कविताले माह्या घरी ठेव, मी आता बारमाही घरीच असते. मी काही म्हणाच्या आधी कवितानंच उठून दप्तर भरलं.

पास झाली पोरगी. आता आर्णीले बारावीत हाय, मावशीच्या घरून जाते. आमी दोघं नवराबायको अजून ट्रकातच.

देणं संपलं, इचारणं काही संपलं नाई. फरक टिकला का पाहाले, म्हणे, परवा एक नवाच माणूस आला. घरात किती जणं? दोघं. पोरगी? नाल्यापल्याड शिकते. मंग ती तिकडं, मदतवाल्या तांड्यात मोजल्या जाईन, म्हणे. म्हंजे माई पोरगी शिकली ते बी त्यायच्याच पुण्याईत! मोजा बापा, जिकडं मोजाचं तिकडं मोजा, पोरीले शिकू द्या. सेवाभाया तिचं भलं करो, धुरपीचं करो, त्या सर्वेवालीचं बी करो, तिनं खरं सांगतलं. पण ज्या हातानं चिठ्ठ्या टाकल्या त्याच्यासाठी माह्या तोंडून आशीर्वाद निंगत नाई. लय म्हणून पाह्यलं, नाईच निंगत.