काळेभोर

नगरच्या दवाखान्यात बाकावर बिभीषण डोळे मिटून बसला होता. कान मात्र शेजारच्या नवरा-बायकोच्या मधोमध जाऊन बसले होते.

"सत्यशीला, डाक्टर काय म्हनले?"

"पेशीत धागे असत्यात, त्यांच्या टोकाला दुमड असती. आपल्या ज्ञानूची ती उसवलीया. म्हनून रक्त बनंना, म्हनूनच इसाव्या वर्षी केस पिकले."

"मंग थोरला सुनील देईल की भावाला हाडातला मगज."

"त्यालाबी ह्योच रोग असंल तर चालत न्हाई. थोरल्याचे केस पिकलेत का, इचारलं."

"काळेभोर हायत म्हनून सांगायचं!"

"सांगितलं."

"मंग रडती कशाला?"

"अवो, पोरगी बघायला जाताना मीच कलप लावला त्याला."

"हळू बोल. सोयरीक मोडंल."